पाण्याच्या बाजूचा माणूस

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार सवयीने लिहिला गेला. विनंती तूर्त काही नाही. विशेष एवढंच की तुझ्या चित्राने मला पुरतं गोत्यात आणलं आहे.

अपघाताचं मागच्या पत्रात त्रोटक कळवलं होतं. काल चौकशी झाली. बंदर कचेरीतली ती लांब खोली, टेबलाच्या टोकाला चौकशीचे साहेब, आणि साहेबांच्या डोक्यावर काचेच्या चौकटीत तुझं ‘बंदर’. गेल्या वर्षी त्यांनी ते मोठ्या हौसेने घेतलं तेव्हा मीच सगळ्या धक्क्यावर मिरवत होतो, माझ्या ताईचं म्हणून.

मी जे खरं ते सांगितलं. आमचा झेंडेवाला गेली चार वर्षं गोदामाच्या बाजूला, खोक्यांच्या थप्पीमागे उभा राहतो. नियम सांगतो की त्याने पाण्याच्या बाजूला, मोकळ्यावर उभं राहावं. पण मुकादमाने त्याला थप्पीमागे उभं केलं, म्हणजे एकाच माणसाकडून क्रेनला इशाराही करून घेता येतो आणि गोदामाच्या दारातल्या हातगाड्याही हाकून घेता येतात. मला वर क्रेनमधून माणूस दिसतच नाही. थप्पीवर झेंड्याचं टोक दिसतं. टोक खाली गेलं की सोडायचं. त्या दिवशी टोक खाली गेलं आणि मी लोखंडी नळ्यांचा जुडगा सोडला. झेंडेवाला हातगाडीला अडखळून पडला होता म्हणून झेंडा खाली गेला, हे मला साठ फुटांवरून कसं कळणार?

मुकादमाने तोंड वर करून सांगितलं की झेंडेवाला रोज पाण्याच्याच बाजूला असतो. त्या दिवशी तो आपल्या मनाने थप्पीकडे चालत गेला आणि उघड्या धक्क्यावरून जाताना मी त्याला बघायला हवं होतं. मी म्हटलं, हे धादांत खोटं आहे. तेव्हा साहेब खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळले आणि तुझ्या चित्राला पेन्सिल लावली. म्हणाले की तुमच्या सख्ख्या बहिणीने तुमच्याच घराच्या खिडकीत वर्षभर बसून काढलेलं हे चित्र आहे, आणि हा पाहा तुमचा झेंडेवाला, क्रेनच्या उजवीकडे, पाण्याच्या काठाला. मी पुढे होऊन पाहिलं, तर तो खरंच तिथे उभा आहे.

झेंडेवाला इस्पितळात आहे. डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्याला विचारलं तर म्हणतो, आठवत नाही. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक खोकं आपटलं नाही, आणि आता निष्काळजी असा शेरा मारून मला क्रेनवरून कायमचं उतरवणार आहेत. सध्या घरी बसवलंच आहे.

दोन ओळी लिहून पाठव की चित्रातली त्या माणसाची जागा चुकलेली आहे. पुढची तारीख वीस आहे. लोभाचं नंतर बघू.

तुझा,
बारक्या


७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, त्यातला जाळही पोचला. इस्पितळातल्या त्या माणसाचं वाचून पत्र खाली ठेवलं. मग तुझ्या साहेबांचं वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

चित्र म्हणजे काय मोजणीचा नकाशा आहे? माझ्या त्या चित्रात धूर चौकोनी आहे. जहाजांना बूड नाही. पाणी म्हणजे काळ्यावर नुसते पांढरे फराटे आहेत आणि सूर्य मी घातलेलाच नाही. मग या बंदरात चौकोनी धूर निघतो आणि दिवस उगवत नाही, असाही निकाल द्या म्हणावं त्यांना. अशा माणसांच्या भिंतीवर माझं काम लागलं याची मला आता लाज वाटते.

पण तुलाही चार शब्द सुनावते. माणूस घाल हा धोशा कोणी लावला होता? सगळा लाकडी ठसा कोरून होत आला तेव्हा तू चहाचा कप घेऊन मागे उभा राहिलास आणि म्हणालास की हे बंदर आहे की कात्र्यांचं दुकान, यात माणसाचं नख तरी दाखव. तुझ्या टोमण्यापायी मी तो झेंडेवाला कोरला. आणि आता मीच चुकले?

माझं काम चुकलेलं आहे असं मी सही करून देणार नाही. बावीस वर्षं पटाशी धरते आहे, कोणाच्या धाकाने एक रेघ बदलली नाही. सोबत चिठ्ठी जोडली आहे, तीत स्वच्छ लिहिलं आहे की चित्र हा पुरावा नसतो. तेवढं पुरे व्हावं.

घरी बसला आहेस तर बायकोवर डाफरू नकोस. ती ऐकून घेते म्हणून तुझं फावतं. जेवत जा. रागावलेल्या बहिणीचा असतो तितका लोभ आहे, तो घे.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझी चिठ्ठी नेऊन दिली. कारकुनाने ती मोठ्याने वाचली. मुकादम गालात हसला. साहेब म्हणाले की चित्र चुकलं असं काही बाई म्हणत नाहीत, त्या फक्त रागावल्या आहेत. झालं समाधान?

आता हे वाच. तू दिलेली प्रत आमच्याकडे शिलाईच्या यंत्रावर टांगलेली आहे. बायको काल सुई ओवता ओवता थांबली आणि मला म्हणाली की याचा झेंडा डाव्या हातात कसा? ताई, झेंडेवाल्याच्या डाव्या हाताची दोन बोटं लहानपणीच गेलेली आहेत. त्या हातात त्याला धड चमचा धरता येत नाही. तू त्याला वर्षभर खिडकीतून पाहिलंस, तुला हे ठाऊक आहे.

ठसा उलटा उमटतो हे मला तूच शिकवलंस. बटाट्यावर माझं नाव कोरून दिलं होतंस आणि ते उलटं छापलं गेलं म्हणून मी भोकाड पसरलं होतं. बाकी सगळं बंदर तू कागदावर काढून, कागद उलटा करून लाकडावर उतरवलंस, म्हणून ते छापल्यावर सरळ आलं. हा एकटा माझ्या टोमण्यानंतर आला. तो तू थेट लाकडावर कोरलास ना, दिसला तसा? म्हणून छापताना तो इकडचा तिकडे गेला.

मला एवढंच सांग, पहिली प्रत निघाली तेव्हा तुला ते दिसलं नाही? भिंग लावून रेघा मोजणारी बाई तू.

बारक्या


१३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद द्यायचा हक्क आज नाही, तरी देते.

दिसलं होतं.

कागद ठशावरून सोलला त्या क्षणीच दिसलं. डाव्या बाजूला गोदामांचा काळा ढीग, मधे क्रेन, आणि हा उजवीकडे, पाण्याच्या काठाला. खिडकीतून तो डावीकडे दिसतो म्हणून मी लाकडावरही त्याला डावीकडेच कोरलं होतं, ठशात डावीकडे पाणी असतं हे विसरून, आणि तो खोक्यांपासून उठून समुद्राकडे चालत गेला होता. मी खुर्चीत बसले आणि स्वतःला शिव्या घातल्या. इतकी नवशिकी चूक मी शिकायला होते तेव्हाही केली नव्हती.

आणि मग, बारक्या, मी पुन्हा पाहिलं. काळ्याभोर पाण्यापुढे एकटा पांढरा माणूस. गोदामाच्या बाजूला तो खोक्यांच्या गर्दीत हरवला असता. इथे तो असा उठून दिसत होता की सगळं चित्र त्याच्यामुळे उभं राहिलं. दुरुस्ती करणं अवघड नव्हतं. तेवढी जागा पोखरून लाकडाचा तुकडा बसवायचा आणि माणूस पलीकडे कोरायचा, दहा दिवसांचं काम. मी केलं नाही. मला तो तिथेच हवा होता. पंचवीस प्रती काढल्या, खाली सही केली. प्रदर्शनात जो तो त्या माणसापाशी थांबायचा. एकाने तर लिहिलं की हा माणूस म्हणजे या बंदराचा आत्मा. मी ते कात्रण जपून ठेवलं आहे. त्या आत्म्याला खरं तर खोक्यांमागे डांबून ठेवलेलं असतं हे मला माहीत होतं आणि मी एका शब्दाने बोलले नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. तरी तुला ते चौकोनी धुराचं पुराण ऐकवलं. तुझ्या नोकरीपेक्षा माझी सही मोठी वाटली, इतकं हे साधं आणि घाणेरडं आहे. मला स्वतःचा इतका राग आला आहे की कालपासून पटाशीला हात लावलेला नाही, कुठेतरी भलतीकडे घालेन म्हणून.

वीस तारखेला मी स्वतः येते. ठसा आणते, आणि खिडकीत बसून केलेली कच्ची रेखाटनंही आणते. त्यांत तो सगळीकडे थप्पीमागेच आहे. भावजयीला सांग की तिच्या नजरेपुढे माझं भिंग झक मारतं.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. आ.

तुला आत येऊ दिलं नाही आणि मी बाहेर आले ती तडक निघून आले. जिन्यात तू विचारत होतास, पण तोंड उघडलं असतं तर कचेरीच्या दारात रडारड झाली असती आणि ते सुख मला त्या मुकादमाला द्यायचं नव्हतं. म्हणून आत काय झालं ते आता लिहिते.

मी ठसा टेबलावर ठेवला आणि चूक कशी झाली ते सांगितलं. साहेबांनी ठशाकडे पाहिलं, भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, पुन्हा ठशाकडे पाहिलं आणि म्हणाले की यातही हा पाण्याच्याच बाजूला दिसतो. दिसणारच! ठशात सगळंच उलटं असतं, पाणीही आणि तोही. मी त्यांना तीनदा समजावलं. बटाटा मागवावा असं मनात आलं होतं. मग मी डाव्या हाताचं सांगितलं, तर म्हणाले की चित्र म्हणजे काही नकाशा नसतो, कलावंताला तेवढी मोकळीक असतेच. माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं, आणि तेही समजूतदारपणे.

मग रेखाटनं काढली. बावीस कागद, बावीसच्या बावीस कागदांवर तो खोक्यांमागे. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं की यांवर तारखा कुठे आहेत. कच्च्या कामावर कोण तारखा घालतं? मुकादम खाली बघत म्हणाला की ही तर गेल्या आठवड्यातही काढता येतील. आणि साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले की तुम्ही भावासाठी धावून आलात हे स्वाभाविकच आहे.

बारक्या, खोटं कोरलं तेव्हा मी नामवंत कलावंत होते. खरं सांगायला उभी राहिले तर नुसती तुझी बहीण झाले. भिंतीवरचं चित्र उतरवून द्या म्हटलं, तर ते कचेरीच्या मालकीचं आहे म्हणे. मी टेबलावर हात आपटला. दौत सांडली. तेवढंच एक काम तिथे माझ्या हातून नीट झालं.

आल्या आल्या ठसा पोखरला. त्या माणसाच्या जागी लाकडाचा तुकडा चिकटवून बसवला आहे. पुरता वाळला की त्यावर पाणी कोरेन आणि त्याला थप्पीमागे त्याच्या खऱ्या जागी घेईन. नवी प्रत काढून त्या कचेरीत पाठवीन, मग ते लावोत नाहीतर जाळोत. तुझं नुकसान त्याने भरून येत नाही हे मला कळतं. माझ्यावर रागव, पण पत्र लिहीत राहा.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्हा दोघा भावंडांच्या भांडणात मी कधी पडत नाही. तुम्ही एकमेकांना बोलता आणि दोन दिवसांनी विसरता, मधे बोलणारा मात्र दोघांचाही वैरी होतो. पण या वेळी मला राहवलं नाही. यांना न सांगता मी एक काम केलं आहे, ते आधी तुम्हाला कळवते.

काल शिलाईच्या यंत्रावरचं चित्र काढलं, उशीच्या खोळीत घातलं आणि इस्पितळात गेले. झेंडेवाल्याची बायको पायथ्याशी बसली होती. मला बघून ती उठून उभी राहिली, वाटलं आता हाकलणार. पण तीच म्हणाली की ते रागावलेले नाहीत, भ्यालेले आहेत. मुकादम दोनदा येऊन गेला. काही आठवत नाही असं म्हणत राहिलास तर फाटकावर खुर्चीत बसायची नोकरी मिळेल, असं सांगून गेला. एका पायाच्या माणसाने दुसरं काय म्हणायचं?

मी खोळ उघडली. चित्र त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने ते याआधी कधी पाहिलं नव्हतं. कचेरीच्या त्या खोलीत त्याला कोण जाऊ देणार! तो बराच वेळ क्रेन बघत होता, ओळखीची जहाजं शोधत होता. मग त्याने विचारलं की हा काठावर उभा आहे तो कोण. मी म्हटलं, तुम्हीच. आधी तो हसला. मग मी सांगितलं की या चित्राकडे बोट दाखवून आमच्या यांना दोषी ठरवताहेत.

वन्सं, त्या माणसाचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरले. आख्खा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात तो म्हणाला की मी तिथे उभा असतो तर बारक्याभाऊने मला पाहिलं असतं आणि आज मी माझ्या दोन पायांनी घरी असतो. चार वर्षं मला तिथे उभं राहू दे म्हणून मुकादमाच्या विनवण्या केल्या, आणि आता कागदावर उभा केलात का, असं विचारत होता. नर्स धावत आली. त्याने तिच्याकडे कागद मागितला. त्याची बायको हळूच म्हणाली की नोकरी जाईल. तो म्हणाला की जाऊ दे. तिने पुन्हा अडवलं नाही, उलट कागदाखाली धरायला ताट दिलं. त्याने स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं, खाली वॉर्डातल्या तिघांच्या सह्या घेतल्या. तो कागद मी आज कचेरीत देऊन पोच घेतली आहे.

यांना आज सांगणार आहे. ओरडले तर ओरडू देत. माझ्यावर आहे ती माया अशीच असू द्या.

तुमची,
भावजय


१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल लागला. घटना दुर्दैवी असून तीत दोष कोणाचाही नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. माणसाचा पाय गेला आणि दोष कोणाचाही नाही! मुकादम तसाच आहे, गोदामावरून बदली करून त्याला बाराव्या धक्क्यावर पाठवलं, म्हणजे आता तिथल्या माणसांच्या नशिबी आला. फाटकावरची खुर्ची झेंडेवाल्याला मिळाली नाही, हे सांगायला नकोच. मला क्रेन परत दिली. लोक अभिनंदन करतात तेव्हा त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

सोमवारी वर चढलो. नवा झेंडेवाला थप्पीमागेच उभा केलेला. मी आकडा वर घेतला आणि हात खाली ठेवले. नवा मुकादम खालून ओरडायला लागला. मी चिठ्ठी सोडली की मला माणूस दिसत नाही, दिसेल तेव्हा काम सुरू होईल. अर्ध्या तासाने शेजारची क्रेन थांबली, मग तिच्या पलीकडची. दीड तास धक्का बंद होता आणि जहाजांचे भोंगे नुसते बोंबलत होते. साहेब स्वतः आले. शेवटी नवा माणूस थप्पीमागून निघून पाण्याच्या काठाला जाऊन उभा राहिला आणि मी पहिलं खोकं उचललं. आता रोज तो तिथेच असतो. किती दिवस टिकेल माहीत नाही, पण तोवर मी वर आहे.

काल झेंडेवाल्याच्या घरी गेलो. खाटेवर बसून होता. मी पाया पडायला वाकलो तर त्याने मला शिवी हासडली. आता महत्त्वाचं. तू ठसा पोखरून त्याला खऱ्या जागी कोरते आहेस, हे मी त्याला सांगितलं. वाटलं, बरं वाटेल. तर तो भडकलाच. म्हणाला की ताईला आजच्या आज लिही, पटाशी खाली ठेव म्हणावं. लाकूड बसवलं असेल तर त्याच लाकडावर मला पुन्हा काठाला कोर म्हणावं. जगात माझं हे एकच चित्र आहे आणि निदान त्यात तरी मी योग्य जागी उभा आहे. त्याचं म्हणणं मी शब्दाला शब्द लिहितो आहे, ताई. एकदा मुकादमाने त्याला त्या थप्पीमागे पाठवलं. आता तू पाठवणार आहेस का, असं त्याने विचारलं आहे.

म्हणून हे लिहायला बसलो. माझा तुझ्यावर राग होता, तो आता बराचसा उतरला आहे आणि लोभ होता तेवढा आहे. या पत्राचं उत्तर मात्र मला नको, ते त्याला लिही.

तुझा,
बारक्या